स्लो कुकरमध्ये पार्सलसारखं ऑरेंज चिकन होतं का हो? (माझं फसलंय, जबरदस्त फसलंय)

रविवारदुपार · मंगळवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचतेय, आज स्वतःची फजिती घेऊन आलेय. दिवाळीला धाकटे दीर न्यू जर्सीहून आले ते येताना स्लो कुकर घेऊन आले. "वहिनी, सकाळी सगळं टाकायचं, बटण फिरवायचं, ऑफिसातून आलं की जेवायला बसायचं." चिनी मातीचं जडशीळ भांडं, काचेचं झाकण, एकच बटण, लो आणि हाय. दीर गेले, कुकर महिनाभर माळ्यावर.

तिकडे गेलो होतो तेव्हा मॉलमधलं ते ऑरेंज चिकन खाल्लेलं, चिकट चकचकीत आंबटगोड, मुलगा अजून नाव काढतो. म्हटलं आता संत्री आलीयत, करू. तर काल सकाळी साडेआठला अर्धा किलो बोनलेस, चार संत्र्यांच्या फोडी, वास यावा म्हणून वर दोन चमचे किसलेली साल, सोया सॉस, मध, व्हिनेगर, लसूण, कॉर्नफ्लोअर आणि दोन वाट्या पाणी असं सगळं एकदम टाकलं, लो वर ठेवलं आणि गेले ऑफिसला. संध्याकाळी सहाला झाकण उघडलं तर वर पांढुरका फेस, खाली पिवळं पाणी, चिकनचे दोरे दोरे, आणि कडू!! कारल्यासारखं कडू नाही, गिळल्यावर मागनं येतं ना तसलं. मुलगा म्हणाला आई हे कफ सिरप आहे का. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त लोणचं वाढून घेतलं.

नक्की काय काय चुकलं? आणि मुळात ते पार्सलसारखं चिकट होतं का यात, की माळ्यावरच बरा होता?

गवतीचहा · रात्री १०:२१

रुमाल टाकून जागा धरून ठेवते, उत्तरं वाचायला परत येते.

आळसेश्वर · रात्री १०:२४

लोणचं वाढून घेतलं :) :) इतकं नेमकं परीक्षण पेपरातसुद्धा येत नाही.

तवाकढई · रात्री १०:४०

मुळात गल्लीच चुकलीय. पार्सलसारखं म्हणजे काय ते आधी ठरवू. तुम्ही मॉलमध्ये खाल्लंत ते १९८७ साली पांडा एक्सप्रेस या अमेरिकेतल्या चायनीज हॉटेलसाखळीच्या अँडी काओ नावाच्या शेफने हवाईत बसवलं. चीनमध्ये हुनान-सिच्वानकडे वाळवलेल्या संत्रासालीचं चिकन करतात त्याचं हे लांबचं भाचरू, आपल्या मंचुरियनसारखंच. ते पण १९७५ मध्ये मुंबईत नेल्सन वाँगनी काढलं आणि आता चीनचं म्हणून खपतं. मुद्दा हा की ते तळलेलं चिकन आहे. अंडं-कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवायचं, कडक तळायचं, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला सॉसमध्ये फिरवायचं. आता झाकण लावलेल्या दमट भांड्यात कुरकुरीत काय होणार? भजी कुकरला लावण्यातला प्रकार आहे हा. कढई घ्या, वीस मिनिटांत होतं. हलके घ्या.

पातेलंभर · रात्री ११:०५

तवाकढई यांचं कुरकुरीतपणाबद्दल बरोबर आहे पण कुकर माळ्यावर टाकू नका हो. मी अकरा वर्षं तिकडे होते, आता औंधला, माझा कुकर आठवड्यातनं दोनदा लागतो.

ताई, सगळ्यात मोठी चूक पाण्याची. याची वाफ वर जाते, झाकणाला लागते आणि तिथनंच परत खाली गळते, म्हणजे आटत काही नाही. वर चिकनला स्वतःचं पाणी सुटतं. आपला हात सवयीने रश्श्याला पाणी घालतो तसं इथे घालायचंच नाही, एक थेंबसुद्धा.

दुसरं, साडेनऊ तास! अहो ब्रॉयलर म्हणजे पाच-सहा आठवड्यांचं कोवळं पाखरू, त्याला काय एवढं शिजवायचंय. आणि नुसतं बोनलेस म्हटलं की दुकानदार छातीचा तुकडा देतो. मांडीच्या मांसात चिवट पांढरी जाळी असते, ती हळूहळू विरघळून जिलेटिन होते म्हणून मांडी ओलसर लागते. छातीत ती नसल्यातच जमा, मग दोर वळणार नाही तर काय. दुकानात स्पष्ट "लेग बोनलेस" म्हणायचं, थोडे कुरकुरतात पण काढून देतात. लो वर तीन, फार तर साडेतीन तास. ऑफिसातून आल्यावर जेवायचं हे मटणाला लागू, नाहीतर गावरान कोंबडीला. दीर पुरुषमाणूस, त्यांनी स्वतः किती वेळा केलंय विचारा.

कॉर्नफ्लोअर शेवटीच. सकाळी घातलं की आंबटात तासन्‌तास शिजून त्याची खळ तुटते आणि परत पाणीच.

आणि लो-हायबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज असतो की लो म्हणजे मंद आच शेवटपर्यंत. बहुतेक कुकर दोन्हीवर शेवटी सारख्याच गरमपणाला येतात, उकळीच्या जरा खाली. लो वर तिथे पोचायला जास्त वेळ लागतो एवढंच.

कडूचं मात्र मलाही नीट सांगता येणार नाही. सालीचा पांढरा भाग किसला गेला असेल का?

वायरमन · बुधवार, सकाळी ७:५०

चिकन नंतर. वहिनी कुकर तिकडचा ना? म्हणजे १२० व्होल्टचा. आपल्याकडे २३०. थेट लावलात की काय?? दाब दुप्पट झाला तर उष्णता जवळपास चौपट होते, साडेनऊ तासांत दोरे नाही, राख मिळाली असती.

रविवारदुपार · सकाळी ९:१०

नाही नाही, दिरांनीच तपकीर गल्लीतनं ट्रान्सफॉर्मर आणून दिलाय, ५०० वॅटचा. कुकरच्या खाली २५० लिहिलंय. फक्त तो ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा गुणगुणतो, सासूबाईंना वाटलं फ्रीज बिघडला.

पातेलंभरताई, खूप खूप थँक्यू. हो, साल किसताना पांढरं आलंच होतं, आमची किसणी नारळाची.

वायरमन · सकाळी ९:३२

गुणगुणणं नॉर्मल. ५०० पुरतो. ओट्यावर सिंकजवळ ठेवू नका आणि वर फडकं टाकू नका. बाकी बटणवाला आहे ते बरं. तिकडच्या काही उपकरणांतली घड्याळं विजेच्या लहरी मोजून चालतात, तिकडे सेकंदाला ६० इकडे ५०, मग तिकडचा एक तास इकडे ७२ मिनिटांचा भरतो. एका मित्राचा टायमरवाला ब्रेडमेकर असाच रोज उशिरा उठायचा.

आळसेश्वर · सकाळी ९:४०

तिकडची असून पुण्याच्या वेळेवर आली की वस्तू.

नागपूरकर_हिंजवडीत · सकाळी १०:१५

संत्र्याला दोष देऊ नका बापा. २०१४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय आमच्या संत्र्याला. सध्या आंबिया बहाराचा माल चालू आहे, आणि मार्केट यार्डात जे येते ते नीट पाहून घ्या, किन्नो पण संत्रा म्हणून गळ्यात मारतात. चकचकीत घट्ट सालीचा, आत बियाच बिया, तो किन्नो, पंजाबकडचा. आपला सालीनं ढिला असतो, बोट घातलं की सुटते.

फोडी टाकल्या म्हणता, बिया काढल्या होत्या काय?

रविवारदुपार · सकाळी १०:२०

...नाही.

अर्धवट_शास्त्रज्ञ · सकाळी ११:०२

इथे एक मजा आहे. अमेरिकेत ऑरेंज म्हणतात ते आपलं संत्रं नाहीच. आपलं नागपुरी संत्रं म्हणजे मँडरिन, ढिल्या सालीचं कुळ. तिकडचं ऑरेंज म्हणजे स्वीट ऑरेंज, आणि त्या कुळातलं आपल्याकडे काय आहे? मोसंबी! नाव मोझांबिकवरून आलं, इंग्रजीत सगळे तिला स्वीट लाईम म्हणतात पण लिंबाशी तसा तिचा संबंध नाही. तेव्हा अस्सल चव हवी तर मोसंबीचा रस घ्या. माझे दोन पैसे.

रविवारदुपार · सकाळी ११:१०

अय्या हे माहीतच नव्हतं! शनिवारी मोसंबी घालून करते मग. (उद्याच केलं असतं पण उद्या गुरुवार, सासूबाईंचा दत्ताचा.)

आळसेश्वर · सकाळी ११:१४

उद्या तसंही दुरुस्तीसाठी लाईट जाणार. महावितरण आणि दत्तगुरू यांचं जुनं संगनमत आहे.

पातेलंभर · सकाळी ११:४०

हसण्यावारी नेऊ नका, लाईटवरून आठवलं. कुकर लावून ऑफिसला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: मध्येच लाईट गेली आणि परत आली तर घरी आल्यावर गरमच दिसतं सगळं, मध्ये दोन तास कोमट पडलं होतं हे कळणार कसं? ६० डिग्रीच्या खाली चिकन दोन तासांच्या वर राहिलं असेल तर जीव कितीही तुटला तरी फेकायचं. काही लोक टायमरच्या प्लगला लावून कच्चं चिकन सकाळपासून आत ठेवतात नि दुपारी चालू करतात, ते तर अजिबात नको. आणि फ्रीजरमधला दगड थेट आत टाकायचा नाही, आधी पूर्ण वितळवायचा, नाहीतर फार वेळ नको त्या तापमानात बसतो.

शनिवारातले_आजोबा · दुपारी १२:३०

आपला धागा कुतूहलाने वाचला. सामिष आमच्याकडे होत नाही तेव्हा मूळ विषयावर मी काही बोलणे योग्य नाही. पण सकाळी लावा, संध्याकाळी जेवा, हे आम्हाला नवीन नाही हो. इकमिक कुकर कुणाला आठवतो का? कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली काढला. एक उभा नळकांड्यासारखा डबा, तळाशी छोटीशी कोळशाची शेगडी, वर डब्यावर डबे, वरण, भात, बटाटे. कोळसे पेटवून झाकण लावायचे आणि कामाला जायचे. कोळसे आपोआप विझत आणि अन्न वाफेत मुरत राही. माझे वडील बदलीच्या गावी एकटे राहत तेव्हा त्यांचा सगळा संसार त्यात होता. रविवारी पुण्याला आले की आईच्या हातचा भात खाऊन म्हणायचे, फडफडीत झालाय. त्यांना त्या कुकरच्या गिचक्याची सवय झाली होती. आईला ते कधीच सहन झाले नाही. तो कुकर त्यांच्यामागे तिने बोहारणीला दिला आणि त्यावर एक पातेले घेतले, ते अजून आहे.

गवतीचहा · दुपारी १२:४१

आजोबा _/\_ वेगळा धागा काढा ना यावर.

तवाकढई · दुपारी १:०५

अवांतर वाढवतो. स्लो कुकरचं मूळही असंच घरगुती आहे. आयर्विंग नॅक्सन म्हणून अमेरिकन संशोधक होते, त्यांना १९४० मध्ये पेटंट मिळालं. घरातल्या बायकांनी लिथुआनियातली आठवण सांगितली होती, ज्यू लोक शनिवारी विस्तव पेटवत नाहीत म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चोलंट नावाचं मांस-कडधान्याचं भांडं गावच्या बेकरीत नेऊन ठेवायचे, विझत्या भट्टीत रात्रभर शिजायचं. म्हणजे बघा, मुळात कडधान्य, चिवट मांस आणि भरपूर वेळ यासाठी जन्मलेलं भांडं, त्यात तुम्ही कोवळं चिकन नि संत्रं घालताय. मी तेच म्हणतोय कालपासून.

खमंगकाकडी · दुपारी १:२०

कडधान्य म्हणालात म्हणून, मी तर भिजवलेला राजमा थेट लो वर टाकते रात्रभर. मस्त होतो. कधीकधी पोट बिघडतं पण ते राजम्याचं असतंच.

पातेलंभर · दुपारी १:२४

थांबा थांबा थांबा. ते "असतंच" नाहीये. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, नीट उकळल्याशिवाय ते मरत नाही, आणि लो वर ती उकळी येत नाही. अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. भिजवलेलं पाणी फेकायचं, नव्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटं खळखळ उकळायचा, मगच कुकरात. उलट्या-जुलाब होऊन दवाखाना गाठलेली लोकं आहेत.

खमंगकाकडी · दुपारी १:३०

बापरे. तीन वर्षं घरचे म्हणतायत तुझा राजमा बाधतो आणि मी भांडतेय.

आळसेश्वर · दुपारी १:३३

सासरची माफी मागायचा वेगळा धागा काढा.

रविवारदुपार · शनिवार, रात्री ८:५०

आले परत. सांगते.

कँपात शिवाजी मार्केटातनं लेग बोनलेस आणलं, पाऊण किलो. पाणी शून्य. सोया, गूळ, व्हिनेगर, आलं-लसूण, लो वर सव्वातीन तास. चिकन इतकं सुंदर झालं, चमच्याने तुटत होतं पण दोरे नाहीत. मी खूश. मग पाच मोसंब्यांचा रस (मिक्सरला फिरवून गाळला) कढईत आटवायला ठेवला, वाटीभर झाला, चव घेतली...

कडू. परवापेक्षा कडू!

आता सांगा. साल नव्हती, पांढरं नव्हतं, बिया मी मोजून काढल्या. मुलगा म्हणाला आई तू हे लहान मुलांपासून दूर ठेव असं लिहून ठेव. सॉस ओतून दिला, नुसतं चिकन भातावर खाल्लं.

अर्धवट_शास्त्रज्ञ · रात्री ९:००

अरे देवा. कुळ बरोबर होतं हो माझं...

जालन्याची_माहेरवाशीण · रात्री ९:२५

मोसंबीवाल्या माणसाची मुलगी म्हणून बोलते. आमच्या घरी मोसंबीचा रस काढला की उभ्याउभ्या प्यायचा असा वडिलांचा नियम. तासभर ठेवला की कडू. रसवंतीवाला पण तुमच्यासमोरच काढून देतो, बाटलीत भरून ठेवत नाही, पाहिलंय ना? फळात असताना कडूपणा नसतो. पडद्यात आणि बियांत एक पदार्थ असतो, त्याला स्वतःची चव नाही, पण रस निघाला की रसातल्याच आंबटाने त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं आणि ते कडूजहर. तापवलं की हेच झपाट्याने होतं. तुम्ही मिक्सरला फिरवून पडदे पण दळलेत आणि वर आटवलंत, म्हणजे सगळी सोयच केलीत.

पहिल्या वेळी पण तेच असणार, बियांसकट फोडी साडेनऊ तास. साल थोडीशी गुन्हेगार, बिया आणि पडदे मोठे.

किन्नोचं पण असंच होतं. नागपुरी संत्र्याला हा त्रास त्या मानाने कमी, पण नाही असं नाही. हाताने हलकेच पिळायचं, ज्यूसरमध्ये रगडायचं नाही, लगेच गाळायचं, आणि शक्यतो शिजवायचंच नाही फार.

नागपूरकर_हिंजवडीत · रात्री ९:३१

मी काय म्हणत होतो.

आळसेश्वर · रात्री ९:३२

तुम्ही फक्त बिया विचारल्या होत्या.

नागपूरकर_हिंजवडीत · रात्री ९:३५

बियांतच सगळं आलं नं.

पातेलंभर · रविवार, सकाळी ८:१०

माहेरवाशीणताईंनी माझं अकरा वर्षांचं कोडं सोडवलं. आता कळतंय तिकडे बहुतेक जणी ताजा रस घालतच का नाहीत. तिकडची सगळ्यात सोपी स्लो कुकर कृती म्हणजे मार्मालेड, बार्बेक्यू सॉस आणि सोया, तिन्ही बाटल्या उपड्या करायच्या. मार्मालेडमध्ये साल आधीच साखरेत शिजून गोडकडू झालेली असते, ते त्याचं ठरलेलं कडूपण, नवीन काही होत नाही. पण ते मला अती गोड होतं.

मी आता असं करीन: चिकन तुम्ही केलंत तसंच. झालं की तुकडे झाऱ्याने वेगळे काढायचे. खाली उरलेला रस, तो वाटी-दीड वाटी असेल, मोठ्या कढईत मोठ्या आचेवर निम्मा आटवायचा. हे गॅसवरच, कुकरच्या बापाच्याने आटणार नाही. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घालायचं, चकाकी आली की गॅस बारीक, आणि तेव्हा दोन संत्र्यांचा हाताने पिळलेला रस. एक मिनिट. वर किसलेली साल, फक्त केशरी. आणि अर्धं लिंबू, कारण नागपुरी संत्रं गोडाकडे झुकतं, सॉसला धार येत नाही. संत्रं सोलायच्या आधी किसायचं हो, सोललेली ढिली साल किसायला गेलं की बोटं किसली जातात.

थोडक्यात संत्रं कुकरात जाणारच नाही.

खमंगकाकडी · सकाळी ८:३०

कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरं करकर वाजतं ते ना? मी एकदा मक्याचं पीठ घातलं होतं, पिवळं. पिठलं झालं.

पातेलंभर · सकाळी ८:३४

पांढरंच. तिकडच्या कृतीत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात, आणि तिकडे कॉर्नफ्लोअर म्हटलं की मक्याचं पीठ. तुमच्यासारख्या बऱ्याच जणी पिठलं खाऊन आहेत.

तवाकढई · सकाळी ९:००

म्हणजे सॉस कढईत, आटवणं कढईत, संत्रं कढईत. मग कुकरने केलं काय? मी हेच मंगळवारी सांगितलं होतं!

पातेलंभर · सकाळी ९:०६

चिकन शिजवलं, तुमच्यासारखं तेलाच्या कढईपुढे उभं न राहता. तेवढ्या तीन तासांत मी दोन कपडे वाळत घालून झोप काढते.

तवाकढई · सकाळी ९:१५

बरं, तह करू. तुकडे वेगळे काढले की थेट सॉसमध्ये नका टाकू. फडक्याने टिपा, वर कोरडं कॉर्नफ्लोअर भुरभुरा, तव्यावर मोठ्या आचेवर दोन चमचे तेलात दोन्ही बाजूंनी लाल करा. आधी शिजलेलं असतं म्हणून तीन-चार मिनिटं पुरतात. तळल्यासारखं नाही होणार पण कडा धरतील. आणि सॉसमध्ये घातल्यावर ताबडतोब पानात.

गवतीचहा · सकाळी ९:२०

तिळाचं तेल घालायचं का शेवटी? कृतींमध्ये असतं.

पातेलंभर · सकाळी ९:२६

घाण्याचं आपलं तिळाचं तेल नाही चालणार, ते कच्च्या तिळाचं. त्यांचं भाजलेल्या तिळाचं असतं, काळपट, वास एकदम खमंग. ते नसेल तर तीळ भाजून वर टाका, तेलाच्या भानगडीत पडू नका.

अर्धवट_शास्त्रज्ञ · सकाळी ९:५०

पापक्षालन म्हणून एक सुचवतो. तवाकढईंनी सांगितलेल्या चिनी प्रकारात साल वाळवलेली असते. संत्र्याची साल आतलं पांढरं चमच्याने खरवडून आठवडाभर वाळवली तर? तुकडा चिकनबरोबर कुकरात टाकता येईल, म्हणजे तीन तास वास मुरेल.

जालन्याची_माहेरवाशीण · सकाळी १०:०२

हे चालेल. वाळलेली साल आमच्याकडे कायम असते, उटण्यासाठी.

रविवारदुपार · सकाळी १०:०५

आमच्याकडे पण आहे! सासूबाईंच्या डब्यात, दिवाळीची उरलेली पूड!

जालन्याची_माहेरवाशीण · सकाळी १०:०७

ताई, पूड नका घेऊ. त्यात कपूरकाचरी, नागरमोथा आणि कायकाय असतं. चिकनला अभ्यंगस्नान होईल.

आळसेश्वर · सकाळी १०:१०

नरकासुर म्हणून खाऊ.

शनिवारातले_आजोबा · सकाळी ११:२०

शाकाहारी मंडळींसाठी या सॉसमध्ये काय चालेल? सूनबाई विचारते आहे. पनीर मला आवडत नाही.

पातेलंभर · सकाळी ११:३१

आजोबा, सुरण. चिंच किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडून, फोडी तव्यावर लाल करून. कुकरची गरज नाही, सॉस तोच.

रविवारदुपार · पुढचा रविवार, दुपारी ३:२०

झालं एकदाचं!!

सविस्तर लिहिते कारण इतक्या जणांनी डोकं लावलंय. पाऊण किलो लेग बोनलेस, तीन मोठे चमचे सोया, दोन व्हिनेगर, चार चमचे गूळ, आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चिली फ्लेक्स. आठवडाभर गच्चीत वाळवलेल्या सालीचे तीन तुकडे, एक कावळ्याने नेला म्हणून तीन. सकाळी नऊला लो वर, सव्वाबाराला बंद. खाली खरंच दीड वाटी रस होता, पाणी न घालता! तो आटवला तेव्हा गुळाने बुडाला लागायला लागला, तर मोठी आच म्हणजे तिथेच उभं राहून, मी फोन घ्यायला गेले नि जरा करपलंच. पण तो करपट वास वाईट नाही लागला, उलट गाडीवरच्या चायनीजसारखा आला. तव्यावर परतताना अर्धे तुकडे मोडले, शिजून इतके मऊ होतात की उलथन्याने उचलले की दोन होतात. तवाकढई, पुढच्या वेळी सव्वातीनच्या ऐवजी पावणेतीन तास ठेवीन म्हणजे जरा घट्ट राहतील. मग कॉर्नफ्लोअर, संत्रं, लिंबू, साल.

कडू नाही. अजिबात नाही. चिकट झालं, चमच्याला धरून राहत होतं. मॉलसारखं झालं का? नाही, ते कडकपण नाही. मुलगा म्हणाला हे वेगळं आहे पण मला अजून दे. सासूबाईंनी लोणचं घेतलं नाही, पण सॉसमध्ये पाणी घालून पातळ कर म्हणाल्या, भाकरी कुस्करायला. मी घातलं. काय करणार.

तवाकढई · दुपारी ३:३१

पाणी घातलं!! तीन आठवडे कशासाठी चाललं होतं सगळं.

पातेलंभर · दुपारी ३:३५

दोनच झालेत हो. ताई, अभिनंदन. पावणेतीन बरोबर वाटतंय, कुकर अर्ध्यापेक्षा कमी भरला असला की लवकर होतं.

नागपूरकर_हिंजवडीत · दुपारी ३:४०

संत्री कोणती होती ते नाही लिहिलं.

रविवारदुपार · दुपारी ३:४२

नागपुरी. बोट घातलं की सुटत होती.

नागपूरकर_हिंजवडीत · दुपारी ३:४३

झालं तर मग.

वायरमन · दुपारी ४:१०

ट्रान्सफॉर्मरचं बटण बंद केलंत ना? कुकर बंद असला तरी तो एकटा बसून थोडी वीज खातो.

रविवारदुपार · दुपारी ४:१२

तरीच. सासूबाई म्हणतायत फ्रीज अजून आवाज करतोय.